दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नक्की किती आणि वेळ नक्की किती?

पिंपळपान (धागाकर्ती)

मंडळी, डोकं गरगरायला लागलंय म्हणून धागा काढतेय. जानेवारीत लेकीकडे जायचंय. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को, मध्ये कुठेही न उतरता. लेक म्हणाली, "आई, दोन झोपा काढ, आलंच." मी आयुष्यभर हिशोबाच्या वह्या लिहिलेली बाई, मला असं "आलंच" चालत नाही.

तर अंतर सांगणाऱ्या एका साइटवर दोन्ही शहरांची नावं टाकली. आलं १२,३८० किमी. मग एका जुन्या बातमीत याच प्रवासाचं अंतर सापडलं १५,३०० किमी. त्याच बातमीत खाली १३,९०० किमी असाही आकडा. शहरं तीच, विमानतळ तेच आणि तीन हजार किलोमीटरचा फरक!

वेळेचंही तसंच. तिकिटावर निघायची वेळ पहाटे ४ आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी ६. घड्याळांमधला साडेतेरा तासांचा फरक धरला की साडेपंधरा तास होतात, एवढं मला कळतं. पण १२,३८० ला ताशी ९०० ने भागलं तर पावणेचौदा येतात. उरलेले पावणेदोन तास विमान करतं काय?

मीच_तो

शौचालयाची रांग संपायची वाट बघतं.

कंपासपेटी

ताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. साइटवालं अंतर मी हाताने काढून दाखवतो, म्हणजे ते कुठून येतं ते कळेल.

दिल्ली विमानतळ २८.६ उत्तर, ७७.१ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ उत्तर, १२२.४ पश्चिम. रेखांशांची बेरीज १९९.५ अंश. इथेच बरेच जण घसरतात. १८० च्या वर गेलं म्हणजे तुम्ही गोलाला लांबच्या बाजूने वळसा घालताय. ३६० मधून वजा करा, १६०.५ अंश उरतात. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही कोसाइनचा आणि या १६०.५ च्या कोसाइनचा गुणाकार. उत्तर येतं उणे ०.३६४. ज्या कोनाचा कोसाइन इतका, तो कोन साधारण १११.३५ अंश. म्हणजे पृथ्वीच्या मध्यावर बसून पाहिलं तर दोन शहरांमध्ये एवढा कोन आहे. एका अंशाला ६० सागरी मैल, एक सागरी मैल १.८५२ किमी. गुणा : १२,३७३ किमी. साइटने पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली असणार, म्हणून त्यांचे सात-आठ किलोमीटर जास्त. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे (तिथे त्रिज्या ६,३७८, ध्रुवापाशी ६,३५७). तेवढ्यामुळे अशा गणितात अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे होतंच. त्यावरून भांडू नये.

हरवलेली_छत्री

पण मास्तर, नकाशावर पट्टी ठेवली तर दिल्लीहून सरळ पूर्वेला चीन, जपान, मग पॅसिफिक असाच रस्ता दिसतो की. तो तर याहून कितीतरी लांब भरेल.

कंपासपेटी

पट्टी नकाशावर ठेवू नका, पृथ्वीचा गोल घ्या आणि त्यावर दोरा ताणा. एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा घट्ट ओढला की तो आपोआप वर सरकतो. दिल्लीतून तो पूर्वेला जातच नाही, जवळजवळ उत्तरेलाच निघतो, उत्तरेपासून जेमतेम १६-१७ अंश उजवीकडे. हिमालय, तिबेट, अल्ताईचे डोंगर, सायबेरिया, मग साडेपंचाहत्तर अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून आर्क्टिक समुद्र, तिथून अलास्कात उतार आणि किनाऱ्याने खाली. गोलावरचं सगळ्यात कमी अंतर हे. सपाट नकाशावर काढलं तर मोठी कमान दिसते, म्हणून लोकांना वाटतं विमान उगाच फिरून गेलं.

खिडकीची_सीट

मी हा दोरा प्रयोग आत्ता करून पाहिला. आमच्याकडच्या गोलाला अलास्कापाशी पोचा पडलाय, तरीही जमलं. भारी वाटलं.

रात्रपाळी

मी तीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो, आता निवृत्त आहे. विमानाने कुठून जायचं, किती इंधन घ्यायचं, वाटेत काही झालं तर कुठे उतरायचं, हे सगळं कागदावर आणायचं काम. मास्तरांचा दोरा उत्तम आहे, पण त्या दोऱ्यावरून विमान नेणं आम्हाला क्वचितच जमतं.

पहिली अडचण तिबेट. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठार सरासरीच साडेचार हजार मीटरचं, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास. खाली यायचं तर येणार कुठे? अशा भागातून जायचंच असेल तर सुटकेचे मार्ग आधी आखून ठेवावे लागतात. त्यापेक्षा बहुतेक विमानं बाजूने जातात.

दुसरी अडचण थंडी. ध्रुवाकडे बाहेरचं तापमान इतकं उतरतं की पंखांमधलं इंधन गार होत जातं. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश, अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए चा उणे ४०. काटा त्या दिशेने सरकायला लागला की थोडं खाली यायचं किंवा वेग वाढवायचा.

तिसरी अडचण माणसांची. कोणाचं आकाश कोणासाठी उघडं आहे. त्यावर नंतर लिहितो, आत्ता जरा बाहेर जायचंय.

ठाममत

एवढं शास्त्र कशाला? कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून लिहितात. मागच्या वर्षी एका कंपनीच्या विमानात आम्ही चाळीस मिनिटं टॅक्सीवेवर ताटकळलो, आणि वर घोषणा काय, तर "आपण वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचत आहोत". टाळ्या वाजवल्या लोकांनी!

खिडकीची_सीट

+१. हे मीही पाहिलंय. तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ नाहीच. विमान उभ्या जागेवरून हललं, चाकांपुढचे अडसर काढले, तिथे घड्याळ सुरू. दुसऱ्या टोकाला पुन्हा अडसर लागले की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, चढताना-उतरताना कमी असलेला वेग आला, वर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्या आल्या. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर "वेळेवर" असं धरायची पद्धत आहे, त्यामुळे वेळापत्रकात थोडी ऐसपैस जागा ठेवण्यात कंपनीचा फायदाच.

अवांतर : जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात दीड-दोन मिनिटं, आणि विक्रम ५३ सेकंदांचा! तिथे भागाकार करून वेग काढाल तर विमान मालगाडीच्या चालीने गेलं असं वाटेल.

मीच_तो

५३ सेकंदांत पट्ट्याचं बक्कल सापडत नाही मला.

उंटावरचा

सगळे उगाच गुंतागुंत करताय. पृथ्वी फिरते हे विसरलात का? विमान वर गेलं की खाली पृथ्वी सरकते. म्हणून एका दिशेला लवकर, दुसऱ्या दिशेला उशिरा. संपला विषय.

कंपासपेटी

उंटावरचे, तुमचंच म्हणणं तुम्हाला उलटं पडतंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान वर गेल्यावर जमीन खालून पूर्वेला सरकत असती तर पूर्वेकडचं शहर पुढे पळालं असतं आणि तिकडे जायला जास्त वेळ लागला असता. प्रत्यक्षात पूर्वेला जाताना कमी लागतो. शिवाय विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमी वेगाने फिरते. ९०० च्या वेगाचं विमान तिला गाठणार कधी? विमान जमिनीवर उभं असतानाच तो वेग त्याच्या अंगात असतो, भोवतालच्या हवेच्याही असतो. धावत्या गाडीत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडतो का?

उंटावरचा

मग पूर्वेला कमी वेळ का? ते तरी सांगा.

रात्रपाळी

परत आलो. वारा, साहेब, वारा. आणि पृथ्वीचं फिरणं त्यात आहेच, म्हणजे तुम्ही साफ चुकला नाहीत, फक्त आडवाटेने गेलात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. वरच्या थरात हवा ध्रुवाकडे जायला बघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर तिचा अरुंद, जोरदार प्रवाह होतो. तो जेट स्ट्रीम. नेमकी आपली विमानं उडतात तीच उंची. हिवाळ्यात ध्रुवाची थंडी वाढली की तो आणखी चेकाळतो, आणि जपानवर तर ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो.

गंमत म्हणजे हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो जपानच्याच वासाबुरो ओइशी यांनी, तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून, १९२० च्या दशकात. आपलं काम जगाने वाचावं म्हणून त्यांनी १९२६ साली ते एस्पेरांतो या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापलं. जगाने अर्थातच वाचलं नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा या वाऱ्याने त्यांना धडा दिला.

आता पिंपळपान ताईंच्या आकड्यांकडे येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को पॅसिफिकवरून नेलं. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग महासागर. १५,३०० किमी, साडेचौदा तास. त्याआधी तेच विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. ते १३,९०० किमी, पण वेळ त्याहून सुमारे दोन तास जास्त! चौदाशे किलोमीटर जास्त चालून दोन तास आधी पोचले. साइटवाले १२,३८० म्हणजे मास्तरांचा दोरा, तो यात कुठेच नाही.

आमच्या कागदावर नेहमी दोन अंतरं असायची. एक जमिनीवरचे मैल, दुसरे हवेतले मैल. नदीत होडी वल्हवताना काठावरून किती पुढे गेलो ते वेगळं आणि पाण्यातून किती वल्हवलं ते वेगळं, तसं. इंधन जळतं ते हवेतल्या मैलांवर. ढोबळ हिशोब करा : विमानाचा हवेतला वेग ९०० धरला तर साडेचौदा तासांत ते हवेतून तेराएक हजार किमी गेलं, बाकीचं वाऱ्याने वाहून नेलं. अटलांटिकच्या बाजूने साडेसोळा तास म्हणजे हवेतून पावणेपंधरा हजारांच्या वर. आता सांगा, जवळचा रस्ता कुठला?

पिंपळपान

अगं बाई. म्हणजे जवळचा रस्ता रोज बदलतो?

रात्रपाळी

रोज. कधीकधी दिवसातून दोनदा. युरोप–अमेरिका यांच्यामधल्या अटलांटिकवर तर विमानांच्या समांतर वाटा वाऱ्याचा अंदाज बघून दिवसातून दोनदा नव्याने आखतात, एकदा पूर्वेला जाणाऱ्यांसाठी, एकदा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी. तुमचंच उड्डाण उन्हाळ्यात रशियाच्या अतिपूर्वेवरूनही जातं. जून २०२३ मध्ये याच मार्गावरचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मगदानला उतरलं होतं, आठवत असेल. लोक म्हणाले, अमेरिकेला निघालेलं विमान रशियात गेलंच कसं? गेलं नव्हतं, वाटेतच होतं.

हरवलेली_छत्री

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक बोइंग ७४७ विमान चार तास ५६ मिनिटांत पोचलं होतं ना? ५,५४० किमी अंतर. तेव्हा बातम्यांत वेग ताशी १,३०० च्या वर दिला होता. म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला की!

कंपासपेटी

नाही ओलांडला. ध्वनीचा वेग हवेच्या तुलनेत मोजायचा. अकरा किलोमीटर उंचीवर तो ताशी १,०६० किमीच्या जरा वर असतो, आणि ते विमान त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच होतं. बाकीचे चारशेएक सियारा वादळाच्या वाऱ्याचे. खराखुरा ओलांडला तो काँकॉर्डने, ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हाच रस्ता २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत.

ठाममत

बरं, जाताना फायदा, येताना तोटा. फिट्टंफाट. सरासरी तीच.

कंपासपेटी

तीच नाही! हे गणित मी दरवर्षी मुलांना घालायचो आणि दरवर्षी निम्मा वर्ग फसायचा. अंतर ४,५०० किमी, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर जायला ५, यायला ५, एकूण १० तास. आता १०० चा वारा सोडा. जाताना १,००० ने साडेचार तास. येताना ८०० ने पाच तास साडेसदतीस मिनिटं. बेरीज करा.

ठाममत

१० तास ७ मिनिटं आणि वर अर्धं. च्यायला.

कंपासपेटी

वाऱ्याचा तोटा तुम्ही जास्त वेळ सोसता आणि फायदा कमी वेळ घेता, म्हणून. यासाठीच येताना वारा टाळत दुसऱ्याच वाटेने यायचं.

खिडकीची_सीट

रात्रपाळी काका, ते आकाश उघडं-बंद राहिलं की.

रात्रपाळी

हो. सगळ्यात ठळक उदाहरण हेलसिंकी–तोक्यो. फिनलंडच्या विमानांना रशियावरून साडेनऊ तास लागायचे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश त्यांना बंद झालं आणि तेच उड्डाण तेरा तासांवर गेलं. शहरांमधलं अंतर एका मीटरनेही वाढलेलं नाही. काही उड्डाणं तर चक्क उत्तर ध्रुवावरून न्यावी लागली.

आपल्याकडे २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै आकाश बंद ठेवलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्याला मग आधी दक्षिणेला, अरबी समुद्राकडे उतरावं लागतं. अशा वेळी बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं की विमान लंडनला निघालंय आणि तोंड गुजरातकडे आहे. ताई, तुम्ही पूर्वेला जाणार, त्यामुळे जाताना तुम्हाला याची झळ नाही.

मीच_तो

थोडक्यात, लेकीने सांगितलेलं बरोबर होतं. दोन झोपा.

पिंपळपान

मंडळी, धागा वर काढतेय. पोचले! कागद-पेन घेऊन बसले होते, शेजारचा मुलगा मला काहीतरी परीक्षा घेणारी समजत होता.

तिकिटाप्रमाणे पहाटे ४. विमान हललं ४ वाजून १२ मिनिटांनी, चाकं सुटली ४:३८ ला. पहिले दोन तास पडद्यावर वेग ९४०-९६०. मग झोप लागली. जाग आली तेव्हा जपानच्या दक्षिण टोकापाशी होतो आणि वेग १,१४५! मी शेजारच्याला उठवून दाखवला, तो "हं" म्हणून परत झोपला. बाहेरचं तापमान उणे ५६. समुद्रावर कितीतरी वेळ ११०० च्या वरच, मग हळूहळू उतरत शेवटी ९०० ला आला. चाकं टेकली तिथल्या ५:२० ला, म्हणजे आपले संध्याकाळचे ६:५०. हवेत १४ तास १२ मिनिटं. जागेवर लागलो ५:३१ ला, तिकिटापेक्षा २९ मिनिटं आधी. आणि मग ती २९ मिनिटं इमिग्रेशनच्या रांगेत.

माझा पावणेचौदाचा भागाकार हवेतल्या वेळेच्या बराच जवळ आला, पण सगळ्या चुकीच्या कारणांनी. १२,३८० किमीचा रस्ता नव्हताच आणि ९०० चा वेगही नव्हता.

कंपासपेटी

दोन चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर येणं, याला मी अर्धे गुण द्यायचो.

पिंपळपान

अर्धे तर अर्धे. रात्रपाळी काका, मार्चअखेर परत येणार. तेव्हा घड्याळांमधला फरक साडेबारा तासांचा होईल हे लेकीने सांगितलंय. पण आणतील कुठून? आणि न्यायला येणाऱ्यांना वेळ काय सांगू?

रात्रपाळी

पश्चिमेला येताना तोच वारा तोंडावर असेल, म्हणून पॅसिफिकच्या मध्यातून नाही आणणार. बहुधा उत्तरेकडून कुठूनतरी. नक्की वाट निघायच्या काही तास आधी ठरते, त्याआधी मलाही सांगता आली नसती. जातानापेक्षा दीड-दोन तास जास्तच धरा. घरच्यांना तिकिटावरची वेळ द्या, आणि विमान जागेवरून हललं की फोन बंद करायच्या आधी "हललो" एवढा एक मेसेज टाका. बाकी त्यांना मोबाइलवर विमान दिसतच राहील.